बेघरांच्या मनाविषयी कार्यकर्त्यांना विचारताना

बेघर माणसांच्या मानसिक आरोग्याविषयी तुम्हाला काय वाटतं, असं थेट विचारलं की सेवा देणारी माणसं प्रशिक्षणात ऐकलेलं उत्तर देतात. ‘मनाचा आजार हाही इतर आजारांसारखाच’, ‘भेदभाव करू नये’, ‘वेळेवर उपचार मिळायला हवेत’. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण रात्री अडीच वाजता निवाऱ्यात कुणी ओरडायला लागलं तर समोरचा कार्यकर्ता काय करेल, हे त्या वाक्यांवरून कळत नाही. मला तेच जाणून घ्यायचं होतं.

मी स्वतः काही वर्षं निवारा केंद्रात काम केलं आहे. पुढे एका अभ्यासासाठी निवाऱ्यांचे व्यवस्थापक, रात्रपाळीचे कर्मचारी, रस्त्यावर फिरून माणसांशी संपर्क ठेवणारे कार्यकर्ते, समुपदेशक, परिचारिका, मनोविकारतज्ज्ञ, अन्नवाटप करणारे स्वयंसेवक अशा अनेकांच्या मुलाखती घेतल्या. नव्या कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण तयार करायचं होतं आणि त्याआधी जुने कार्यकर्ते या माणसांकडे कसे पाहतात हे समजून घ्यायचं होतं. अहवाल रीतसर लिहून झाला. पण अहवालात निष्कर्ष येतात, ते हाती कसे लागले हे येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच लक्षात आलं की मुलाखत कुठे होते यावर बरंच काही अवलंबून असतं. व्यवस्थापकांच्या खोलीत बसून बोलणारा कर्मचारी नियमावलीच्या भाषेत बोलतो. तोच पाळी संपवून बाहेर पायरीवर बसला की म्हणतो, “ताई, खरं सांगू का, मला भीती वाटते.” त्यामुळे पाळी संपल्यावर आणि कार्यालयाबाहेर बोलायचं, असं ठरवून टाकलं. कुणी काय सांगितलं हे वरिष्ठांपर्यंत जाणार नाही, निवाऱ्यातल्या कुणाचंही नाव घ्यायचं नाही, आणि लिहून काढल्यावर ध्वनिमुद्रण पुसलं जाईल, असं संमतीपत्रात स्पष्ट लिहिलं. ही औपचारिकता नव्हती. रात्रपाळीचे बरेचसे लोक कंत्राटी असतात. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य त्यांच्या नोकरीवर येऊ शकतं.

प्रश्नही बदलले. ‘तुमचं मत काय’ याऐवजी ‘गेल्या काही दिवसांत तुम्हाला कुणाची सगळ्यात जास्त काळजी वाटली, आणि का’, असं विचारू लागले. लगेच सिद्धांत बाजूला पडले आणि माणसं समोर आली.

आणखी एक प्रश्न मी सगळ्यांना विचारत असे: तुमच्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी किती जणांना मानसिक आजार असेल? उत्तरं इतकी वेगवेगळी आली की आधी वाटलं, लोक अंदाजपंचे बोलतायत. रुग्णालयात बसणारे म्हणाले, जवळजवळ सगळ्यांना. अन्नवाटप करणारे म्हणाले, एखाद-दुसऱ्याला. निवाऱ्याचे व्यवस्थापक म्हणाले, निम्म्यांना, पण त्यातले निम्मे ‘नाटकं करतात’. मग संशोधनातले आकडे पुन्हा काढून बसले. सीना फझल या मनोविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली सात देशांतली २९ सर्वेक्षणं एकत्र केली होती, एकूण ५,६८४ बेघर माणसं. त्यात सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारे गंभीर आजार, सरासरी १२.७ टक्के होते. पण वेगवेगळ्या सर्वेक्षणांत हाच आकडा ३ टक्क्यांच्या आतपासून ४० टक्क्यांच्या वरपर्यंत गेला होता. २०२१ मध्ये श्रीमंत देशांतल्या ३९ अभ्यासांचं असंच विश्लेषण झालं. त्यात दारू आणि इतर व्यसनं धरून कोणता ना कोणता मानसिक विकार असलेले ७६ टक्के निघाले, तर स्किझोफ्रेनियाच्या गटातले आजार १२ टक्क्यांच्या आसपास. कुणाला मोजता, कुठे उभं राहून मोजता आणि आजार कशाला म्हणता, यावर सगळं बदलतं. माझे कार्यकर्ते अंदाजपंचे बोलत नव्हते. आपापल्या दारातून जेवढं दिसतं तेवढंच ते सांगत होते.

हे पक्कं तपासायला मी एक कागद तयार केला. पाहिलेल्या अनेक माणसांच्या तपशिलांतून एका काल्पनिक बाईचं वर्णन लिहिलं आणि निदानाचा एकही शब्द त्यात येऊ दिला नाही. पंचेचाळिशीच्या आसपासची बाई. अंगावर कपड्यांचे तीन-चार थर. चार पिशव्या, त्यांना कुणाला हात लावू देत नाही. रात्री जागी असते, पुटपुटते. दिवसा कुठेही झोपते. आंघोळीला नकार. जेवणाच्या रांगेत उभी राहत नाही, सगळे गेल्यावर येते. नाव विचारलं तर दर वेळी वेगळं सांगते. हा कागद वाचायला द्यायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या: तुम्हाला काय दिसतं, आणि तुम्ही काय कराल?

सगळ्या कामात मला सर्वांत जास्त या कागदाने दिलं.

एका समुपदेशकांनी वाचताक्षणी सांगितलं की हा दीर्घकाळचा सायकोसिस दिसतो, संशयाचे भ्रम आहेत, स्वतःशी बोलणं म्हणजे कानात आवाज येत असणार. करायचं काय, तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं. व्यवस्थापकांना नियम दिसले. आंघोळ नाही, रांग नाही, रात्री बोलणं, बाकीच्यांना त्रास. “आम्ही समजावू, ऐकलं तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.” मनोविकारतज्ज्ञ जास्त सावध होते. थायरॉइड, रक्तातली साखर, ब जीवनसत्त्वं, ऐकू येतं का, डोक्याला कधी मार बसला होता का, हे आधी पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही, असं म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी जोडलं, “पण ती माझ्यापर्यंत येईल तेव्हा मला दहा मिनिटं मिळतील.”

रात्रपाळीच्या एका ताईंनी तो कागद फार सावकाश वाचला. त्या म्हणाल्या, “ही रात्री जागी राहते कारण रात्री झोपली तर कुणीतरी अंगावर येईल. दिवसा माणसांच्या वर्दळीत झोपलेलं बरं. कपड्यांचे थर त्याचसाठी. आंघोळीचं म्हणाल तर आधी मला सांगा, न्हाणीघराला आतून कडी आहे का?” पिशव्यांत कागदपत्रं असतील, त्या म्हणाल्या, मुलांचे फोटो असतील, एकदा गेलं की परत मिळत नाही. नाव वेगळं सांगते कारण कुणीतरी तिला शोधत असेल. पुटपुटण्याबद्दल मात्र त्या म्हणाल्या, ते मला कळलं नाही, ते डॉक्टरांना दाखवायला पाहिजे.

या ताईंचं मनोविकारशास्त्राचं शिक्षण झालेलं नव्हतं. पण कागदातलं कुठलं वागणं रस्त्याने शिकवलेलं आहे आणि कुठलं तपासायला हवं, ही विभागणी त्यांनी जितकी नेमकी केली तितकी दुसऱ्या कुणीच केली नाही. त्यांचं म्हणणं वैद्यकशास्त्रालाही धरून आहे. सलग दोन-तीन रात्री झोप मिळाली नाही तर धडधाकट माणसालाही भास होऊ लागतात. महिनोन् महिने तुकड्यातुकड्याने झोपणाऱ्या माणसाचं पुटपुटणं आजाराचं की जागरणाचं, हे एका भेटीत ठरवणं अवघडच आहे.

असे कागद वाचून घेता घेता मला या कामातली मुख्य गोष्ट उमगली. कार्यकर्त्याला समोरच्या माणसात काय दिसतं, हे त्याच्या सहानुभूतीपेक्षा त्याच्याकडे देण्यासारखं काय आहे यावर जास्त ठरतं. ज्यांच्याकडे खाटा आणि नियम आहेत त्यांना शिस्तीचा भंग दिसतो. ज्यांच्याकडे फक्त रेफर करायची चिठ्ठी आहे त्यांना लक्षणं दिसतात. एका संस्थेकडे भाड्याच्या काही खोल्या होत्या, तिथल्या कार्यकर्तीने कागद वाचून विचारलं, “हिला एकटीला राहायला आवडेल की कुणाबरोबर?” आजाराचा विषय तिच्या बोलण्यात तिसऱ्या-चौथ्या वाक्यात आला. ती बाकीच्यांपेक्षा जास्त कनवाळू होती असं मला वाटत नाही. तिच्याकडे किल्ली होती, म्हणून ती तो प्रश्न विचारू शकत होती.

याचाच दुसरा भाग जास्त अस्वस्थ करणारा आहे. देण्यासारखं काहीच नसलं की कार्यकर्ते त्याचं कारण त्या माणसातच शोधू लागतात. ‘तो अजून तयार नाही’, ‘त्यालाच बदलायचं नाही’, ‘त्याला रस्त्यावरच आवडतं’ ही वाक्यं मी इतक्या ठिकाणी ऐकली की पुढे पुढे त्या वाक्यांच्या समासात मी एकच प्रश्न लिहू लागले: त्या दिवशी याला देण्यासारखं काय होतं? बहुतेक वेळा उत्तर होतं, काही नाही. खाट नव्हती, डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात होती, ओळखपत्राशिवाय दाखल करून घेत नव्हते. रोज माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणं सहन होत नाही. ‘तो तयार नाही’ असं म्हटलं की निदान रात्री झोप लागते. मी त्या कामात होते, त्यामुळे हे मी दोष म्हणून लिहीत नाही. पण ते वाक्य केस फाइलमध्ये शिरलं की पुढचा कार्यकर्ता ते माणसाचा स्वभाव म्हणून वाचतो, आणि मग खाट रिकामी झाली तरी त्याला विचारलं जात नाही.

औषधांच्या बाबतीत हे सगळ्यात ठळक दिसलं. जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत तक्रार होती की हे लोक औषधं घेत नाहीत. एका परिचारिकेने मला समोर बसवून एकेका औषधाचं सांगितलं. सायकोसिसवरच्या बऱ्याच गोळ्यांनी गाढ झोप येते. उघड्यावर गाढ झोपणं म्हणजे चोरी, मारहाण, बाईसाठी तर त्याहून वाईट. म्हणून रात्रीची गोळी टाळली जाते. लिथियम हे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध. ते घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी उन्हात कमी झालं तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. पाणी आणि सावली हाताशी नसलेल्या माणसाला ते लिहून देताना हा विचार करावा लागतो. क्लोझापिन हे सायकोसिसवरचं औषध काही रुग्णांना खूप उपयोगी पडतं, पण सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्त तपासायची पद्धत आहे. पत्ता नसलेल्या माणसाने ते कसं पाळायचं? लघवी जास्त होणारी औषधं शौचालय नसलेल्याने कशी घ्यायची? त्या म्हणाल्या, “तुम्ही ‘नकार’ लिहिता. मी त्याला विचारते, कोणत्या वेळेची गोळी चुकते. बहुतेकांची रात्रीचीच चुकते.”

हे ऐकल्यावर मी लिहून काढलेल्या आधीच्या मुलाखती पुन्हा वाचल्या. ‘औषधाला नकार’ हे शब्द भरपूर वेळा आले होते. ‘का’ हे फारच थोड्यांनी विचारलं होतं.

डोक्याच्या माराबद्दलही लिहायला हवं, कारण मुलाखतींत तो विषय जवळजवळ आलाच नाही आणि त्याचं न येणं फार मोठं आहे. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०२० साली आलेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार श्रीमंत देशांतल्या बेघर माणसांपैकी साधारण निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी मेंदूला इजा झालेली होती, आणि जवळपास पाचातल्या एकाला मध्यम ते गंभीर स्वरूपाची. अशा इजेनंतर माणूस चटकन चिडतो, सांगितलेलं विसरतो, वेळ पाळू शकत नाही, एकामागून एक दिलेल्या सूचना त्याला जमत नाहीत. आता निवाऱ्यातल्या तक्रारींची यादी काढा: उद्धट, बेशिस्त, सांगितलेलं ऐकत नाही, भेटीची वेळ चुकवतो. तीच यादी. पण प्रवेशाच्या अर्जात डोक्याला मार बसला होता का, हा प्रश्नच मी पाहिलेल्या निवाऱ्यांत नव्हता. अर्जात प्रश्न नसला की कार्यकर्त्याच्या मनातही तो येत नाही.

व्यसनाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण सगळीकडे एकच गोष्ट ऐकली. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, आधी मानसिक आजार आटोक्यात आणा. मानसोपचार विभाग म्हणतो, आधी दारू सोडा. माणूस दोन दारांमध्ये फिरत राहतो, आणि दोन्हीकडच्या नोंदींत ‘पुन्हा आला नाही’ असं लिहिलं जातं.

जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांकडून आणखी एक वाक्य बरेचदा आलं: मनोरुग्णालयं रिकामी केली म्हणून रस्ते भरले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण घरी येऊन तारखा पाहिल्या. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. ती रुग्णालयं मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकांत रिकामी होत गेली. रस्त्यावरची बेघरी मोठ्या प्रमाणावर डोळ्यांत भरू लागली ती ऐंशीच्या दशकात, तोवर शहरांतल्या एकेकट्या माणसाला परवडणाऱ्या स्वस्त खोल्याही फार मोठ्या संख्येने गेल्या होत्या. रुग्णालयं रिकामी होताना बाहेर जी सेवा उभी राहायला हवी होती ती पुरेशी उभी राहिली नाही, हे खरंच. पण खोली शिल्लक असती तर आजारी माणूस आजारी असूनही घरात असता. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात रुग्णालय यायचं, खोली यायची नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटी सुरुवात केली. आधी घर, आणि घरासाठी उपचाराची किंवा व्यसन सोडण्याची अट नाही. पुढे कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांना घेऊन याची मोठी चाचणी केली. विनाअट घर मिळालेल्या गटातली माणसं, नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटापेक्षा, घरात कितीतरी जास्त टिकली. मात्र मानसिक लक्षणांतली सुधारणा दोन्ही गटांत साधारण सारखीच होती. मी मुलाखतींच्या शेवटी हे सांगत असे आणि प्रतिक्रिया टिपत असे. काहीजण दुसऱ्या भागावर बोट ठेवून म्हणत, बघा, घराने आजार बरा होत नाही. त्या रात्रपाळीच्या ताई म्हणाल्या, “नाही होत. पण आजारी माणसाला घर लागत नाही का?”

ज्यांच्याबद्दल कुणीच काळजी बोलून दाखवली नाही, तेही मी शोधायचा प्रयत्न केला. ‘तुमच्याकडे सगळ्यात चांगला राहणारा कोण’ असं विचारू लागले. वर्णन ठरलेलं असायचं: कुणाशी भांडत नाही, ताट धुऊन ठेवतो, बोलावलं की येतो, काही मागत नाही. कधीपासून काही मागत नाही, झोपतो का, जेवण अर्धवट टाकतो का, असं पुढे विचारलं की बरेचजण थबकायचे. फझल यांच्या विश्लेषणात तीव्र नैराश्याचं प्रमाण ११.४ टक्के होतं, सायकोसिसच्या जवळपास तितकंच. तरी माझ्या सगळ्या मुलाखतींत काळजीच्या प्रश्नावर आलेली माणसं बहुतेक ओरडणारी, भांडणारी, निघून जाणारी होती. गप्प माणूस व्यवस्थेला त्रास देत नाही म्हणून तो बरा समजला जातो. याविषयी मला राग येतो, आणि तो अहवालात लिहिता आला नाही.

शेवटी निष्कर्ष घेऊन मी त्याच लोकांसमोर परत गेले. ती बैठक सोपी नव्हती. एक व्यवस्थापक उठून म्हणाले, “मॅडम, साठ माणसांमागे रात्री दोन कर्मचारी. तुम्ही आम्हाला दृष्टिकोन शिकवताय, आम्हाला माणसं द्या.” ते बरोबर होते, आणि मी तसं म्हटलं. पण माझी मांडणीही तीच होती, फक्त दुसऱ्या टोकाकडून: देण्यासारखं वाढलं तर दिसणंही बदलतं. मग चर्चा प्रशिक्षणावरून हलली आणि नव्या पैशांशिवाय काय वाढवता येईल यावर आली. न्हाणीघरांना आतून कड्या. सामान ठेवायला कुलपाचे कप्पे, किल्ली ज्याची त्याच्याकडे. प्रवेशाच्या अर्जात डोक्याच्या इजेचा एक प्रश्न. पाळी बदलतानाच्या नोंदवहीत ‘वर्तन’ या रकान्याशेजारी ‘झोप’ आणि ‘जेवण’ असे दोन रकाने, म्हणजे गप्प माणसंही वहीत येतील. ‘नकार’ लिहायचा असेल तर त्यापुढे कारण लिहायचं, त्या माणसाच्या शब्दांत.

काही ठिकाणी कड्या बसल्या. कप्प्यांना एका संस्थेने सुरक्षेचं कारण देऊन नाही म्हटलं. नोंदवहीचे रकाने बऱ्याच जणांनी सुरू केले. पुढे भेटलेल्या एका कर्मचाऱ्याने सांगितलं की ‘झोप’चा रकाना भरायचा म्हणून तो आता फेरी मारताना दिवा न लावता थांबून पाहतो, आणि कुणाला झोप लागत नाही हे त्याला नावानिशी सांगता येतं. त्या यादीतल्या दोघांना परिचारिकेने बोलावून घेतलं. प्रशिक्षणाचा पहिला दिवस आता त्या चार पिशव्यांच्या बाईच्या कागदाने सुरू होतो, आणि तो कागद वाचून घेण्याचं काम पूर्वी स्वतः रस्त्यावर राहिलेली एक कार्यकर्ती करते.